साहेबांची व्यायामाची सायकल

मोटारीच्या वॉर्निशचा वास आला की अंबरनाथचा तो रविवार आठवतो. वडील आनंदनगरच्या एका कारखान्यात वाइंडर होते, जळालेल्या विजेच्या मोटारींत नवी तांब्याची तार भरायचे. घरातला पहिला पदवीधर म्हणून मी तिथे नोकरी मागायला गेलो, तेव्हा तिथले साहेब वडिलांच्या तोंडावर हसले होते, "वाइंडरचा पोरगा इंजिनियर? डिग्री फ्रेम करून भिंतीला लाव." त्याच साहेबांनी पुढे एका रविवारी व्यायामाची सायकल दुरुस्त करायला आम्हा दोघांना घरी बोलावलं. पॅडल जड करणारा ब्रेकचा पट्टा झिजला होता. मी भंगारातली मॅग्नेटवाली मोटार चाकाला जोडली आणि तिच्यावर बल्ब लावला, म्हणजे चाकाबरोबर मोटार फिरून वीज तयार करते आणि त्यात पॅडल जड लागतं. घरी आलेल्या पाहुण्यांसमोर साहेब पॅडल मारत ओरडले, "एवढंच? अजून जड कर की रे!" मी बल्ब काढून मोटारीच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या; आता वीज अडवायला मध्ये काही नव्हतं, आणि जितकी जास्त वीज वाहते तितकं पॅडल जड. पॅडल चिखलात रुतल्यासारखं झालं, साहेब घामाघूम. "जाम केलीस काय?" "नाही साहेब, वायरी जोडल्यावर जड फिरली म्हणजे मोटार चांगली. वडिलांनी शिकवलंय." वडील हळूच म्हणाले, "सोड आता, दमलेत ते." मी वायरी सोडल्या, पण मनात दहापर्यंत मोजून. आज वाटतं, वीसपर्यंत मोजायला हवं होतं.