परसातली काळी फरशी

दवाखान्यातून मुलाचा फोन आला तेव्हा मी परसातली फरशी घासत होते. "आई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी खराटा भिंतीला टेकवला, नळ बंद केला... त्याला आता दीड महिना झाला. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड न उघडणारी. बोलता आलं नाही ते लिहून ठेवते आहे.

हे चेन्नईला सरकारी कारखान्यात होते. रिटायर झाल्यावर इथंच घर बांधलं. मागं आंब्याखाली बसायला फरशी घालायची ठरली, तेव्हा मेस्त्रीनं दोन तुकडे आणून दिले. एक खरबरीत दगड, दुसरा काळा, गुळगुळीत ग्रॅनाइट. कारखान्यात यांचं काम तपासणीचं. दोन्हींवर पाणी ओतून हे अनवाणी उभे राहिले. म्हणाले, "खरबरीतच घेऊ. आता पाय घसरायचं वय आलं."

एरवी मी गप्प बसले असते. पण इथल्या बायकांचं बघून मी कोलम, म्हणजे इकडची पिठीची रांगोळी, शिकले होते. दारात काढायची लाज वाटे, येणारेजाणारे बघत उभे राहत. परसात कुणी बघणार नव्हतं. मी पाणी ओतलं नाही, तांदळाची पिठी घेऊन दोन्हींवर रेघ ओढली. खरबरीत दगडावर ती तुटत होती. काळ्यावर सरळ उमटली.

"मला काळी हवी," मी म्हणाले.

"अम्मा, पाण्यानं घसरेल," मेस्त्री म्हणाला.

"अम्मांनी सांगितलं ना?" हे हसले. "एकतीस वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंय. काळीच घाला."

मग रोज सकाळी मी फरशी धुवायची, मधला भाग पुसून कोलम काढायची. हे चहाचा पेला घेऊन यायचे ते कडेकडेनं, माझी रेघ मोडू नये म्हणून. कडेला पाणी तसंच असायचं... त्या दिवशीही हे कडेनंच आले. पाय घसरला, डोकं पायरीवर आपटलं. नऊ दिवस शुद्ध आली नाही.

भेटायला येणाऱ्यांना मुलगा सांगायचा, "बाबांनाच चकाकीचा सोस." मी खाली मान घालून ऐकायची.

तो खरबरीत तुकडा नळाखाली आहे. बाहेरून आले की हे त्यावर उभे राहून पाय धुवायचे. काल मुलानं फरशी उखडायला मेस्त्रीला बोलावलं. तेव्हा मुलाला तो तुकडा दिसला.

"आई, हा कुठला गं? हा पण टाकून देऊ?"

"राहू दे," मी म्हणाले. "बाबांनी तो निवडला होता. काळी मी मागितली."