संपतचा कदमताल

उत्तरेकडच्या डोंगरातली पोस्ट. सहा महिने बर्फ, बाकीचे सहा महिने बर्फाची तयारी. तिथं मी हवालदार होतो आणि जवानांना मॅप रीडिंग शिकवत होतो. आता मी गावी असतो; आमच्या गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी ‘अभ्यासात व्यायामाचे महत्त्व’ या विषयावर शाळेच्या वार्षिक अंकासाठी लिहायला सांगितलं आहे. निबंध मला कधीच जमला नाही. म्हणून पोस्टवरून सुरुवात करतो, शाळेपर्यंत पोहोचेन.

दिवस ठरलेला असे. पहाटे स्टँड टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज उभं राहणं, मग चहा, बर्फ उपसणं, हत्यारांची सफाई. नाश्त्यानंतर क्लास. बंकरमध्ये रॉकेलची शेगडी पेटलेली, पोटात गरम पुऱ्या. अशा वेळी नकाशापेक्षा झोप गोड लागते. सगळ्यांच्या आधी पेंगायचा तो संपत, हुद्द्यानं नाईक. माझ्याच पलूस तालुक्यातला, शेजारच्या गावचा. पळण्यात कंपनीत पहिला, वर्गात शेवटचा. हवालदार व्हायचं तर मॅप रीडिंग पास व्हावं लागतं, आणि गडी त्यात एकदा आपटलेला.

एक दिवस तो चक्क घोरायला लागला.

“संपत, उठ. मागं जाऊन कदमताल.”

कदमताल म्हणजे जागच्या जागी पावलं टाकणं. आमच्याकडं ही साधी शिक्षा. तो मागं पाय आपटत राहिला आणि मी पुढं प्रश्न विचारला. बसलेले सगळे नकाशाकडं पाहत गप्प. उत्तर मागून आलं, आणि ते बरोबर होतं. दुसरा प्रश्न जरा वाकडा टाकला. त्याचंही उत्तर मागूनच आलं.

क्लास सुटल्यावर संपत जवळ आला. “उस्ताद, उद्याबी शिक्षा द्या.”

“का रं?”

“पाय हाललं की माझं डोकं चालतं. शाळेत गुरुजी म्हनायचं, हालायचं न्हाई. म्हनून तर नववीला गटांगळी खाल्ली.”

त्या दिवसापासून मी त्याला मागची जागा देऊन टाकली. पोरं चिडवायची, “संपत सकाळधरनं निघालाय, पोचणार कवा?” तो हसायचा आणि पावलं टाकायचा. पुढच्या परीक्षेत तो पास झाला. मला स्वतःला बढती मिळाली तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद मला त्या दिवशी झाला.

त्याच हिवाळ्यात आम्ही पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून, परतत होतो. दुपारी ढग खाली उतरला. हातभर अंतरावरचा माणूस दिसेना. थंडीनं जीपीएस बंद पडलं. एका जवानाचे पाय बधिर झालेले. अंधार पडायच्या आत त्याला पोस्टवर नेलं नाही तर बोटं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. पायापुढं एक उतार लागला होता. तो पोस्टकडं जाणारा आपलाच की दुसराच, याबद्दल कुणाचंच एकमत होईना.

रेडिओवर आमच्या तुकडीचं नाव चार्ली. मी कॉल दिला, “बेस, बेस, मैं चार्ली. रास्ता नहीं दिख रहा. ओव्हर.”

“चार्ली, अपनी जगह बताओ. ओव्हर.”

तीच तर सांगता येत नव्हती. संपतनं माझ्या हातातून नकाशा घेतला आणि गुडघाभर बर्फात कदमताल सुरू केला. या वेळी कुणी हसलं नाही.

“उस्ताद, आपन दोनच नालं वलांडलं. तिसरा म्होरं हाय, आपला उतार त्येच्या पल्याड. ह्यो उतार आपला न्हवं.”

“नक्की?”

“व्हय.”

“बेस, चार्ली आगे बढ़ रहा है. ओव्हर.”

दिवस मावळायच्या आत आम्ही पोस्टवर होतो. त्या जवानाची बोटं वाचली. ढग निवळल्यावर पाहिलं, तर तो पहिला उतार थेट कड्याच्या तोंडाशी जात होता.

पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेवर बर्फाची कड कोसळली. संपत पेट्रोलच्या सगळ्यात पुढं होता. मी पोस्टवर रेडिओपाशी बसून त्याला कॉल देत राहिलो. उत्तर आलं नाही. तो माझा जिवाभावाचा माणूस होता. त्याची मुलगी श्रावणी तेव्हा रांगत होती.

आता शाळेकडं येतो. सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मी गावी आलो. सकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना पळवतो, खो-खो घेतो. शेजारच्या गावातून याच शाळेत येणारी श्रावणी त्यातली हुकमी खेळाडू. यंदा ती दहावीला गेली आणि यायची बंद झाली. आमच्या भागात पोरगं दहावीला गेलं की घरात कर्फ्यू लागतो. टीव्ही बंद, पाहुणे बंद, लग्नाकार्याला जाणं बंद. पण सगळ्यात आधी बंद होतो तो खेळ. श्रावणीचे बूट कपाटावर गेले. सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. अकरावीला सायन्स घ्यायचं तिच्या मनात होतं, आणि सहामाहीत पोरगी नेमकी गणितात गेली.

मी तिच्या घरी गेलो. तिच्या आईनं, सुरेखावहिनींनी, चहा ठेवला, पण तोंड फुगलेलं.

“खेळ बंद करूनबी ही गत. चालू असता तर काय झालं असतं, भावजी?”

“चालू होता तवा गणितात कधी गेली हुती का?”

वहिनींनी कप माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, “खरं सांगू? पोरगी पळाया लागली की उद्या भरती म्हनंल. एक मानूस दिला मी फौजेला. आता पोर न्हाई द्यायची.”

 मी चहा पीत राहिलो. तेवढ्यात वर गच्चीवर धप धप आवाज सुरू झाला.

“बघा की! बस म्हनलं तर बसत न्हाई. पुस्तक घेऊन नुसती पाय आपटती.”

मी जिना चढलो. श्रावणी पाठमोरी उभी होती. हातात भूमितीचं पुस्तक, नजर आकृतीवर, आणि पायांचा जागच्या जागी कदमताल. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बापाला तिनं नीट पाहिलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मागून वहिनी आल्या. मी त्यांना बंकरमधली शिक्षा सांगितली, बर्फातला नकाशा सांगितला. त्या पोरीच्या पायांकडं बघत होत्या.

“उसात ठिबकच्या नळ्या टाकायच्या हुत्या,” त्या हळूच म्हणाल्या. “कुठनं कशा न्यायच्या, ह्यांना सुचंना. तवा बांधावर हुबं ऱ्हाऊन असंच करत हुते. मी हसले हुते.”

त्या खाली गेल्या. स्टूल ओढल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बूट घेऊन परत आल्या. पदरानं त्यावरची धूळ पुसत होत्या.

“भरतीचं नंतर बघू,” त्या श्रावणीला म्हणाल्या. “आदी गनित.”

पूर्वपरीक्षेत श्रावणी गणितात पास झाली, चांगली पास झाली. पळल्यानं गणित येतं असं मी मुख्याध्यापकांसाठी लिहून देणार नाही. अभ्यास तिनंच केला. पण मैदानावरून आलेली पोरगी पुस्तकापुढं टिकते, आणि दिवसभर कोंडलेली पोरगी पुस्तकापुढं पेंगते, हे मी बंकरमध्ये पाहिलं आणि गावातही पाहिलं. दहावीच्या पोरांच्या आईबापांनो, बूट खाली काढा.

श्रावणी परत आली त्या सकाळी वहिनीही मैदानाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. मी पोरांना रांगेत उभं केलं आणि हुकूम दिला, “कदमताल!” सगळी पावलं एकदम पडायला लागली. श्रावणी पहिल्या रांगेत होती. कडेला पाहिलं, तर पदर तोंडाला लावून उभ्या असलेल्या वहिनींची पावलंही जागच्या जागी पडत होती.

थांबवायचा हुकूम ‘थम’ असा असतो. तो मला बराच वेळ देववला नाही.