कुंपणावरची अकरा मुळं

इंग्लंडात कंबरलँडच्या डोंगरात कथबर्ट डॉक्रे नावाचा एक वैद्य होता. दारात घोडा असूनही तो पायीच हिंडायचा, कारण घोड्यावरून शेवाळ दिसत नाही. कोटाच्या एका खिशात रक्त काढायला नस कापायची सुरी, दुसऱ्यात भिंग आणि छातीशी एक वही. कुणाचा ताप कितव्या दिवशी उतरला, पाकोळ्या कधी आल्या, ओढ्याकाठी कुठलं फूल पहिल्यांदा उमललं, सगळं तो त्याच वहीत एकाखाली एक लॅटिनमध्ये लिहायचा. अशा अठरा वह्या भरल्या होत्या, ही एकोणिसावी. लोक हसायचे. "डॉक्टरांना आधी बेडूक दाखवा, मग पोटदुखी सांगा," असं मेंढपाळ म्हणायचे. पण बाळंतपण अडलं की त्यालाच बोलवायचे.

१७३१ सालच्या एप्रिलमध्ये, चौदा तारखेला सकाळी, तो बर्केटच्या कुरणाखालच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहून मुळं खणत होता. त्या झाडाला तिकडे 'मेलेली जीभ' म्हणतात, कारण ते पोटात गेलं की आधी बोलणं बंद होतं. त्याची पानं, फुलं, बी त्यानं वर्षानुवर्षं चितारली होती. मुळं मात्र राहिली होती. अकरा मुळं निघाली, बोटांसारखी जाड आणि पांढरी. ती धुऊन त्यानं दगडी कुंपणावर ओळीनं मांडली. कागद काढणार, तेवढ्यात गिरणीवाला जोनस धापा टाकत आला.

"डॉक्टर, चला! बायकोचं काही खरं नाही, मूल आडवं आलंय म्हणते सुईण!"

"येतो, हात तर धुऊ दे."

"हात कसले धुताय, चला!" म्हणत जोनसनं त्याला दंडाला धरून ओढतच नेलं.

मूल जगलं, बाईही जगली. डॉक्रे परत कुंपणापाशी आला तेव्हा दुपार कलली होती आणि दगडांवर काही नव्हतं. मेंढ्यांनी खाल्ली असतील असं त्याला वाटलं. त्यानं तिथंच उभ्या उभ्या वहीत लिहिलं: अकरा मुळं ठेवली, जोनसनं बोलावून नेलं, परतल्यावर एकही नाही.

तो शेवटचा शब्द लिहीत असतानाच बर्केटच्या घरातून किंकाळी आली.

विल्फ्रिड बर्केट जमिनीवर पडला होता. दातखीळ बसलेली, अंगाला झटके. त्याची बायको टेमर त्याचं डोकं धरून बसली होती. डॉक्रेनं ओकारीत बोट घातलं. पांढरे तुकडे, त्यांतून सुटलेला पिवळा रस, आणि तो वास. सकाळपासून त्याच्या स्वतःच्या हाताला येत होता तो. घटकाभरात विल्फ्रिड गेला.

तिसऱ्या दिवशी मृत्यूच्या चौकशीसाठी अधिकारी आला. चर्चमध्ये बाकं भरली. विल्फ्रिडचा भाऊ रोलंड उठला आणि म्हणाला, "घरात सोमल आहे, उंदरांसाठी म्हणून आणलेला. आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, ते पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेलं. आणखी काय हवं?"

टेमर उभी राहिली. "तो कुठूनतरी पांढरी गाजरं घेऊन आला, साहेब. खातच आला. 'घे, रुसू नको' म्हणाला. मी रागात होते, घेतली नाहीत. एवढंच झालं."

"एप्रिलमध्ये कुठली आलीत गाजरं!" रोलंड म्हणाला आणि मागचे दोघंतिघं हसले.

अधिकारी डॉक्रेकडे वळला. "विषच ना, डॉक्टर?"

"विषच."

"कुठलं?"

डॉक्रेचा हात छातीशी गेला. वही तिथंच होती. त्याला वाटलं, आत्ता बोललो तर सगळे बाकावरून उठून आपल्याकडे बघतील. या माणसाला मी मारलं, हे कबूल करायचं. वीस वर्षं ज्यांच्या घरात मी न विचारता शिरतो, त्यांच्यासमोर.

"ते सांगता येत नाही," तो म्हणाला.

टेमरला कार्लाइलच्या तुरुंगात नेलं. नवऱ्याला मारणाऱ्या बाईला फाशी नसते, खांबाला बांधून जाळतात. हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खटला ऑगस्टमध्ये उभा राहणार होता.

मे गेला, जून गेला. डॉक्रे रोगी बघायचा, पण भिंग खिशातून निघेना. रोज तो स्वतःला समजावायचा की पुराव्याअभावी सुटेल ती. मग बातमी आली की रोलंडनं सोमल विकणारा माणूस साक्षीला उभा केलाय. त्या संध्याकाळी जेवताना ओटची भाकरी बाजूला सारून त्यानं बहिणीला सगळं सांगून टाकलं. ग्रेस त्याचं घर सांभाळायची.

तिनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "दादा, कुणाला माहीत आहे हे?"

"मला. आणि वहीला."

"मग वहीला माहीत नको राहू देऊस."

"ग्रेस, तिला जाळतील."

"आणि तुला? रोलंड सोडेल तुला? या घराकडे कोण फिरकेल? मी कुठं जाऊ?"

तो ताटावरून उठला. दुसऱ्या दिवशी दुपारी रोगी बघून परतला तर दारातच जळक्या चामड्याचा वास. ग्रेस चुलीपुढे बसली होती, तोंड लाल, हात काळे. फळीवर सात वह्या उरल्या होत्या. बारा गेल्या होत्या.

"काय केलंस हे?"

"जिच्यात जिच्यात त्या झाडाचं चित्र होतं, ती ती टाकली," ती म्हणाली. "मला तुझं लॅटिन कुठं येतं? पण ते पान मी ओळखते. एवढी वर्षं तूच दाखवत आलास ना."

वीस वर्षांच्या लिखाणातल्या बारा वह्या. देवीची साथ, तीन कडक हिवाळे, सहाशेवर बाळंतपणं. डॉक्रेनं चुलीत वाकून पाहिलं. मग त्यानं कोटाखाली चाचपलं. यंदाची वही तिथं नव्हती. सकाळी पावसात भिजली म्हणून त्यानं ती फळीवर वाळत ठेवली होती. तो उठला, सातही वह्या उघडून बघितल्या. चौथी तीच होती. त्या दिवशी चित्र काढायला वेळच मिळाला नव्हता. चौदा एप्रिलच्या पानावर नुसती अक्षरं होती.

ग्रेसनं त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलं. हात पुढे केला. "दे ती, दादा. पाया पडते."

"नाही."

"मग माझा विचार तू केला नाहीस, एवढं लक्षात ठेव."

"तुझाच विचार करत तीन महिने गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत होतो," तो म्हणाला. "खोटं होतं ते. माझाच करत होतो."

कार्लाइलला तो पायीच गेला, दीड दिवस, सोबत गिरणीवाला जोनस. न्यायालयात इतकी गर्दी की खिडकीत माणसं लटकलेली. टेमर कठड्याआड उभी होती, निम्मी झालेली, केस कापलेले. तिनं डॉक्रेकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानं शपथ घेतली आणि सगळं सांगितलं. त्याचा स्वतःचा आवाज त्याला लांबून येतोय असं वाटत होतं. न्यायाधीशांनी वही मागितली, चष्मा लावला, पान मोठ्यानं वाचलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. खाली त्याच रात्रीची आणखी एक ओळ होती. तीही त्यांनी वाचली: 'ओकारीत तीच मुळं. वासावरून कळलं. माझा दोष.'

रोलंड ओरडला, "स्वतःची वही, स्वतःचं अक्षर! परवा बसून लिहिली असेल! डॉक्टरसाहेबांना विधवेचा पुळका आलाय, दुसरं काय!"

गर्दी हसली. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला. "दुसरा कुणी आहे का सांगणारा?"

"मी आहे," जोनस मागून म्हणाला. टोपी हातात चुरगाळत तो पुढे आला. "मीच ओढत नेलं त्यांना. मुळं कुंपणावर होती, माझ्या डोळ्यांनी बघितली. चिखलाच्या हातांनी आले म्हणून सुईण किती बोलली! त्या दिवशी झालेल्या माझ्या पोरीचं नाव चर्चच्या पुस्तकात आहे, तारखेसकट. बघा हवं तर."

"मग चौकशीत का बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही, साहेब. आणि ती मुळं विषाची, हे मला काय ठाऊक? डॉक्टरांचा रोजचाच उद्योग तो."

पंच बाहेरसुद्धा गेले नाहीत. डोकी एकत्र केली, दहा मिनिटं कुजबुजले आणि टेमरला निर्दोष म्हणाले. विल्फ्रिडचं मरण अपघाती ठरलं. न्यायाधीशांनी वही परत देताना डॉक्रेकडे बराच वेळ पाहिलं. "ही ओळ तुम्ही एप्रिलमध्ये लिहिलीत," ते म्हणाले, "आणि आता ऑगस्ट आहे."

बाहेर पायऱ्यांवर टेमर थांबली होती. तिच्या मनगटांवर बेड्यांचे वळ होते.

"मी चर्चमध्ये गाजरं म्हणाले तेव्हा तुम्ही समोर बसला होतात," ती म्हणाली.

"हो."

"लोक हसले तेव्हाही."

"हो."

तिनं मान हलवली आणि चालू लागली.

ग्रेस म्हणाली होती तसंच झालं. निम्मी घरं बंद झाली. काही जण पलीकडच्या खोऱ्यातल्या न्हाव्याकडून नस कापून घ्यायला लागले. ग्रेस मात्र कुठं गेली नाही. सहा महिने त्याच्याशी बोलली नाही, पण भाकरी वाढत राहिली. डॉक्रे वह्या लिहीतच राहिला. पुढच्या एप्रिलमध्ये तो कुदळ घेऊन निघाला आणि ओढ्याच्या उगमापासून मेलेली जीभ उपटत खाली यायला लागला. मुळं तो पोत्यात भरायचा, घरी नेऊन मोजायचा आणि जाळायचा. दारोदार जाऊन पान दाखवायचा. काही लोक बघायचे, काही दार लावून घ्यायचे.

बर्केटच्या कुरणाखाली पोचायला त्याला नऊ दिवस लागले. तिथं तो पाण्यात वाकलेला असताना पलीकडच्या काठावर खोरं आपटल्याचा आवाज आला. टेमर होती. तिनं लुगडं खोचावं तसा घागरा कमरेला खोचला होता आणि ती खणत होती. कितीतरी वेळ दोघं समोरासमोर खणत राहिली. पोतं भरत आलं.

"तिकडे दगडामागं एक राहिलंय," अखेर ती म्हणाली. "दिसत नाही का?"

"कुठं?"

"तिथं हो. डावीकडे." आणि तो वाकला तेव्हा ती ओरडली, "हात नका लावू नुसता, आधी कुदळीनं सोडवा!"