सासूबाई बुरशीच्या वाटेने येतात

माझे सासरे बेडकाला भाऊ म्हणतात. मासा मावस, गांडूळ चुलत, जे दिसेल त्याला नातं चिकटवतात. आणि पोटच्या पोरीचं नाव घरात निघालं की उठून बाल्कनीत जातात. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, तेव्हा इथे सांगायला काय भ्यायचं? पण मला सांगायचंय ते सासूबाईंबद्दल. त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

सासूबाई बेकरीत पीठ मळतात. पहाटे जातात, दुपारी येतात, तेव्हा भुवयांनासुद्धा पीठ असतं. मनगटं अशी, की माझ्या नवऱ्याला न उघडलेलं झाकण आम्ही गुपचूप त्यांच्याकडे सरकवतो. बोलणं कमी. राग आला की पीठ आपटतात, आणि त्या दिवशी पाव हलका होतो, असं बेकरीचा मालक म्हणतो. नणंदेला घराबाहेर काढलं त्या वर्षी त्या बेकरीचा पाव फार नावाजला गेला.

का काढलं? सासऱ्यांनी आपल्या दोस्ताचा मुलगा तिच्यासाठी निवडला होता. तो हात उचलायचा. ताईंनी सोडला त्याला, बस चालवायला शिकल्या, शेजारच्या गावात खोली घेतली. यात वाईट काय झालं? पण सासरे म्हणाले, "दोस्तासमोर माझं नाक कापलंस. या घरात पाय ठेवायचा नाही." माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, खाली मान घालून बसला. सासूबाईही तेव्हा गप्प राहिल्या. मग सुट्टीच्या दिवशी परस्पर लेकीकडे जाऊ लागल्या आणि घरी सांगू लागल्या की जादा काम होतं.

आता फेरीचं सांगते. सासरे विज्ञानाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून दर वर्षी गावाबाहेरच्या टेकड्यांमधून उत्क्रांतीची फेरी काढतात. फेरी छान असते, खोटं कशाला बोलू. एक टोळी माणसांची, एक माकडांची, उंदरांची, पक्ष्यांची, माशांची, किड्यांची, बुरशीची, झाडांची. ज्याची त्याची पाटी, आणि निघायची जागाही निराळी. दोन वाटा मिळतात तिथे त्या दोघांचा पूर्वज एक, असं धरायचं. पाय पुढे पडतात आणि काळ मागे मागे जातो. शेवटी सगळे तळ्यावर, जिथे पहिला जीव. आणि सासऱ्यांनीच घातलेला नियम असा: वाटेत मिळणारी टोळी पोचल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही, आणि आलेल्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन माणसांच्या म्होरक्याने म्हणायचं, "या, घरचेच तुम्ही." म्होरक्या कोण, हे सांगायला नको.

बुरशीत जायला कुणी तयार नसतं. सगळ्यांना वाघ व्हायचं असतं. सासूबाई मात्र दर वर्षी बुरशीत, पाटीऐवजी खमिराची बरणी छातीशी धरून; खमीरही बुरशीच ना. "हे नसतं तर माझ्या पावाची वीट झाली असती," म्हणतात. "मी याच्याच बाजूने चालणार."

या वर्षी फेरीच्या आदल्या दिवशी भांडी पुसता पुसता मला म्हणाल्या, "उद्या तिलाही आणतेय माझ्याबरोबर. सगळ्यांदेखत तरी म्हणतील ना गं तिला, घरचीच म्हणून?"

"म्हणतील हो आई. न म्हणून सांगतात कुणाला!" मी म्हटलं. वर्षानुवर्षं त्यांनी ह्या एवढ्याशा वाक्याची वाट पाहिली होती, हे मला तेव्हा कळलं.

दगडी पुलापाशी बुरशीची वाट मिळते. तोवर आमच्यात माकडं, उंदीर, पक्षी, मासे, किडे सगळे मिसळलेले, हा घोळका! माणसांची पाटी माझ्याकडे. सासरे रंगात आलेले. "बुरशी झाडाच्या जवळची वाटते ना? साफ चूक! ती आपल्या जवळची!" लोक टाळ्या वाजवतायत. तेवढ्यात बुरशीवाले आले. सासऱ्यांनी पोस्टमनचा हात धरला, "या, घरचेच तुम्ही." शिंपीणबाईंचा धरला, "या, घरचेच तुम्ही." मग ताई. त्यांनी हात पुढे केला होता.

सासऱ्यांचा हात वर आला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे वळला. "चला, चला, ऊन चढतंय."

ताईंचा हात तसाच राहिला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पण मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "थांबा."

बरणी सासऱ्यांच्या नाकासमोर धरली. "हे कोण तुमचं?"

"अगं, आता हे काय मध्येच..."

"सांगा की. आत्ताच सांगत होता सगळ्यांना."

"नातलग," सासरे पुटपुटले.

"आणि ही?"

"घरातली भांडणं इथे नकोत."

"घरातली कशी हो? घरात तर तुम्ही तिला येऊ देत नाही!"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. "मार खाऊन आली तेव्हा मी गप्प बसले. तुम्ही मोठे, शहाणे, म्हणून. बुरशीला घरची म्हणणारा माणूस आज ना उद्या पोरीला म्हणेल, असं वाटलं मला. वेडी मी! ही घरची नाही, तर हिला जन्म देणारी मी कुठली घरची?" त्यांनी ताईंचा तो हात धरला आणि आल्या वाटेने परत निघाल्या.

नवरा बुटाकडे बघत उभा. मी माणसांची पाटी त्याच्या हातात कोंबली. "धर. तुलाच शोभते." आणि गेले त्यांच्या मागे.

बाकीचे लोक नियम धरून पुलाशीच बसले म्हणे, डबे उघडून. सासरे एकटे तळ्यावर गेले.

सासूबाई आता लेकीच्या खोलीत राहतात. बेकरीतून पाव मी आणते. सासरे रोज खातात, कुठून आला विचारत नाहीत. काल बसला सुट्टी होती म्हणून ताई बेकरीत आईच्या मदतीला होत्या. रात्री मी पाव वाढला. सासऱ्यांनी चवीने खाल्ला, अजून मागितला.

"आज फार हलका झालाय," म्हणाले.

"ताईंनी मळलाय," मी म्हटलं.

घास तोंडापाशी थांबला. मला वाटलं, आता तरी. त्यांनी तो घास ताटात ठेवला, ताट सारलं आणि बाल्कनीत गेले.

ते ताट मी उचललं नाही. सकाळी मुंग्या लागल्या होत्या. लागू देत. त्या घरच्याच ना!