चौरंगावरची पितळी वेल

आमच्या घरात सगळ्यांचाच राग नाकाच्या शेंड्यावर. माझा तर थेट हातात. सागवानी चौरंगात पितळी तार बसवून वेलबुट्टी काढायची, हा आमचा धंदा. थोरला भाऊ पटाशीने खाच पाडायचा, मी तार ठोकायचो. सरस नाही, खिळा नाही. खाच तारेपेक्षा केसभर अरुंद ठेवायची आणि तार अशी हाणायची की लाकडाने तिला पुन्हा सोडू नये. भित्र्याचं हे काम नाही, असं बाबा म्हणत.

कापूस कोणी विचारत नव्हतं ती वर्षं. राळेगावकडे घराघरात कापूस आढ्याला टेकला होता आणि लग्नं दोन हारांत उरकत होती. वेलीचा चौरंग कोणाला हवा? दोन महिने पटाशी हलली नाही. एका दुपारी दुकानात आलो, तर भाऊ बाबांच्या हातचा शेवटचा चौरंग मांडीत घेऊन त्यातली वेल उचकटत होता. अर्धी तार पायाशी पडली होती आणि खाचेचे काठ फाटले होते.

“भाऊ, हे काय करून राह्यला तू?”

“मोडीत देतो. वेलीनं चूल पेटते काय?”

त्याने पटाशी परत खुपसली. मी हातोडी उचलून त्याच्या उजव्या हातावर घातली. एकदा नाही, दोनदा. पहिला घाव रागाचा म्हणता येईल. दुसऱ्याला माझ्याजवळ आजही कारण नाही. हाड मोडलेलं ऐकू आलं. त्याने डाव्या हाताने माझा गळा धरला आणि डोकं भिंतीवर आपटलं. वहिनी मध्ये पडली नसती तर एक जण तरी गेला असता.

त्याची दोन बोटं कायमची वाकडी राहिली. पुढे कामं आली, तेव्हा खाचही मीच पाडू लागलो. तो शेजारी नुसता बसायचा. पण माझा हात भ्यायला होता. हलके टोले पडायचे, आठ दिवसांत तार वर यायची आणि गिऱ्हाईक चौरंग परत आणायचं. मला स्वतःची किळस आली होती.

शेवटी बाबांचा चौरंग काढला. फाटकी खाच तासली, जाड तार घेतली. ती तिसऱ्यांदा उसळली तेव्हा भावाने वाकडी बोटं खाचेशेजारी लाकडावर ठेवली.

“गोंजारतं कायले? याच्यावर हाणली तशी हाण.”

“हात काढ.”

तो काढेना. मग मी डोळ्यांतलं पाणी न पुसता जीव खाऊन हाणली. तार बसली. त्याने हात हलवला नव्हता.