मी बाहेर बसले तेव्हा

"अब्रप्शन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे वार गर्भाशयापासून थोडी सुटली होती आणि आत रक्त साचत होतं. माझ्या मुलीला सातवा महिना होता.

"पोटाला मार लागला का?" त्यांनी तिला विचारलं.

उत्तर मी दिलं. "मोरीत पाय घसरला."

जावयाने तसं सांगितलं होतं. नंदुरबारच्या बाजारात मिरचीचं पोतं मी तळापर्यंत हात घातल्याशिवाय घेत नाही. त्याचं बोलणं मात्र तसंच घेतलं. सोयरीक मी जमवली होती. याआधी दोनदा ती मार खाऊन माहेरी आली. दोन्ही वेळा मी चार माणसांसमोर त्याला हात जोडायला लावले आणि तिला परत धाडलं. मी जिंकले, असं वाटायचं.

सिस्टरने मला बाहेर जायला सांगितलं. मी भडकले.

"मी तिनी माय शे! जे इचारानं ते मन्हासमोर इचार."

"आई आहात ना मावशी? मग बाहेर बसा."

सगळ्या वॉर्डासमोर! तो राग अजून गेलेला नाही. अर्ध्या तासाने आत गेले तर मुलगी रडत होती. जावयाने लाथ मारली होती, हे तिने सिस्टरला सांगितलं होतं.

"माले काबर नही सांगं?" मी विचारलं.

"तू परत मिटाडी देशी, म्हनीसन."

तरी डॉक्टरबाई तिच्या खाटेपाशी आल्यावर मी मध्ये बोललेच. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करू नका, मी बघते म्हणाले. त्या म्हणाल्या, "तुमच्याशी नाही, तिच्याशी बोलतेय." मुलगी म्हणाली, "लिखा."

बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉईडची इंजेक्शनं दिली. रोज सोनोग्राफी, रोज ठोके. मी बाकावर बसून असायची. सहाव्या दिवशी रक्तस्राव थांबला. बाळ हलत होतं.

आयांनो, तुमची लेक गरोदर असेल आणि दवाखान्यात तिला काही विचारलं, तर तोंड बंद ठेवा. सिस्टरने सांगायच्या आधी उठून बाहेर जा. त्या बाईने मला उठवलं नसतं, तर मी लेकीला तिसऱ्यांदा परत धाडलं असतं. तिचे आभार मला अजून मानता आलेले नाहीत. इथे मानते.

दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "आता कुठे राहणार?"

घरी मी तिच्यासाठी खोली आवरून ठेवली होती.

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "शहाद्याला. मावशीकडे."

मी तिची पिशवी उचलली.