वर्लीनच्या भुवया

गुपित राखावं ते वर्लीन स्टिडहॅमनं. कोणाच्या पोरानं आजीच्या दुखण्याच्या गोळ्या पळवल्या, कोण तुरुंगातून सुटून कोणाच्या ट्रेलरच्या घरात पडून आहे, सगळं तिच्या पोटात जायचं आणि तिथंच राहायचं. जिभेवर बाईचा पक्का ताबा. भुवया मात्र देवानं तिला मोकाट दिल्या होत्या. आनंद झाला की त्या कपाळावर चढायच्या, वाईट वाटलं की डोळ्यांवर उतरायच्या, आणि याचा तिला स्वतःला पत्ता नव्हता. साठी उलटली तरी कुणी तिला ते सांगितलं नाही, कारण सांगायची गरजच पडली नव्हती. ती पडली विद्यापीठामुळे.

विद्यापीठाच्या समाजकार्य विभागाला जाणून घ्यायचं होतं, की गोळ्यांच्या आणि पावडरीच्या व्यसनावर उपचार घेतलेली माणसं पुढं टिकतात कशी, घसरतात कुठं, आणि घसरल्यावर कशाच्या बळावर परत येतात. त्यासाठी त्याच माणसांना दर काही महिन्यांनी गाठायचं आणि तेच ते प्रश्न विचारायचे. शहरातून आलेल्या पहिल्या दोन मुलांसाठी आमच्या केंटकीच्या डोंगरात कुणी दार उघडलं नाही. कुत्री तेवढी सोडली. मग अभ्यासाच्या प्रमुख डॉ. हॅलोरनबाईंनी शहाणपणा केला आणि इथलीच माणसं नेमली. त्यात वर्लीन पहिली.

तिच्यावर लोकांचा विश्वास होता, कारण तिनं ते सगळं भोगलं होतं. पाठ दुखते म्हणून डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांनी तिची शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी खाल्ली, नवरा खाल्ला, घर खाल्लं. त्यातून ती उठून उभी राहिली, हे अख्ख्या खोऱ्यानं पाहिलं होतं. माणूस शोधण्यात तर तिचा हात धरणारा कुणी नव्हता. फोन बंद असो, पत्ता बदललेला असो, शेरीफच्या आधी तो वर्लीनला सापडायचा.

मुलाखती व्हायच्या बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानात. वर्लीनच्या खोलीत दोन खुर्च्या, एक रेकॉर्डर आणि टेबलावर फडक्याखाली झाकलेली परात. परातीत वाळवलेल्या सफरचंदाच्या, तळलेल्या करंज्या. मुलाखतीबद्दल विद्यापीठ किराणा दुकानाचं कार्ड द्यायचं ते वेगळं, पण लोक करंज्यांसाठी यायचे असं वर्लीनचं मत होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. समोरचा चांगलं उत्तर देऊ लागला की ती "शाब्बास रे माझ्या वाघा" म्हणायची. वाईट उत्तर आलं की "अरे देवा" म्हणून त्याचा हात धरायची.

डॉ. हॅलोरननी रेकॉर्डिंगं ऐकली आणि त्या तीन तास गाडी चालवत आल्या.

"वर्लीन, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा असतो. 'शाब्बास रे माझ्या वाघा' असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही."

"लिहायला हवं होतं," वर्लीन म्हणाली. "पुढच्या खेपेला घाला."

"आणि उत्तर वाईट आलं की तुम्ही 'अरे देवा' म्हणता."

"मग काय गाणं म्हणू?"

डॉ. हॅलोरन हसल्या, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. तुम्हाला काय ऐकायला आवडेल हे माणसाला कळलं की तो तेच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. वर्लीननं दोन करंज्या बांधून त्यांच्या हातात ठेवल्या आणि त्यांचं म्हणणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. माणसांना माया लावू नका म्हणणारी बाई किती शिकली असली तरी काय उपयोग, असं तिला वाटलं.

शेजारच्या खोलीत कर्टिस नेपियर बसायचा. हा आधी गाडीच्या लायसन्सची परीक्षा घ्यायचा. खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यानं कधी ना कधी नापास केलेलं. प्रश्न वाचताना त्याचा आवाज 'पुढच्या चौकात डावीकडे वळा' म्हणतानासारखाच. दुपारी तो बिस्किटांवर डब्यातले सार्डिन मासे ठेवून खायचा, आणि त्याच्या खोलीत तोच वास भरलेला. त्याच्याकडं जाणाऱ्यांची वर्लीनला कीव यायची.

आणि मग लोक तिच्याकडून उठून कर्टिसकडं जायला लागले.

आधी एक बाई म्हणाली की तिला कर्टिसची वेळ सोयीची पडते. मग एका म्हाताऱ्यानं कर्टिसच्या खोलीत हीटर चांगला आहे असं सांगितलं. हीटर दोन्हीकडं एकच होता. वर्लीन फुगून बसली. करंज्यांत साखर कमी झाली का, म्हणून तिनं एक चाखून पाहिली, मग दुसरीही पाहिली. आणि एका सकाळी दाराच्या काचेतून तिला कर्टिससमोर बसलेला डेल्बर्ट स्लोन दिसला.

डेल्बर्ट म्हणजे तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा. मैत्रीण गेली तेव्हा पोरगा पावडरीत बुडालेला होता. आईच्या दफनालासुद्धा तो धड उभा राहू शकला नव्हता. उपचार सुरू झाले, दवाखान्यातून मिळणारी, तलफ दाबणारी औषधाची पट्टी तो रोज जिभेखाली ठेवू लागला, टायरच्या दुकानात कामाला लागला, अंगावर मांस चढलं. वर्लीन त्याच्यावर पोटच्या पोरासारखी जीव टाकायची. गेल्याच खेपेला सगळं उत्तम आहे म्हणाला होता.

तो गेल्यावर ती कर्टिसच्या दारात उभी राहिली.

"काय म्हणाला?"

"ते सांगता येत नाही. तुला माहितीय."

"नुसतं बरा आहे का तेवढं सांग."

"वर्लीन," कर्टिस डब्याचं झाकण उघडत म्हणाला, "तू मला हे विचारलंस, ते मी ऐकलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तो चेहरा कधी काही सांगतच नसे. त्या हिवाळ्यात पावडरीत काय मिसळून येत होतं कोण जाणे, धडधाकट पोरं ट्रकच्या सीटवर बसल्या जागी मरत होती. मैत्रिणीच्या थडग्याशेजारची जागा अजून रिकामी होती, आणि वर्लीनच्या मनातून ती जाईना.

दुसऱ्या दिवशी ती गाडीचं बसलेलं चाक दाखवायला टायरच्या दुकानात गेली. डेल्बर्टनं चाक काढलं, पाण्यात बुडवून फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"मिस वर्लीन, याला भोक नाहीये. हवा कुणीतरी सोडलीय."

"लोक फार वाईट झालेत बाबा," वर्लीन म्हणाली. मग तिला राहवेना. "कर्टिसकडं काय सोनं लागलंय रे? माझ्या हातचं खाऊन त्या ओंडक्यापुढं जाऊन बसलास?"

डेल्बर्ट बराच वेळ फडक्यानं हात पुसत राहिला. हात काही स्वच्छ होत नव्हते.

"मी मेलो तरी कर्टिस पुढचा प्रश्न विचारेल," तो म्हणाला. "म्हणून त्याला सांगता येतं. मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत, महिनाभरात पावडर घेतलीस का. मी सांगायलाच आलो होतो, देवाशपथ. पण तोंड उघडतोय तोवर तुमच्या भुवया वर चढून बसल्या. इतकी आशा लावून बघत होतात तुम्ही. मी नाही म्हणालो. मग शाब्बास म्हणालात आणि घरी न्यायला दोन करंज्या बांधून दिल्यात. खोटं बोलून मिळवलेला घास, मिस वर्लीन. घशाखाली उतरेना. कुत्र्याला घातल्या मी त्या."

वर्लीनला एकदम फार बोलायचं सुचलं. आत्ताच्या आत्ता चल, दवाखाना उघडा आहे, तुझी आई वरून बघतेय, तिला काय वाटत असेल, असं ती भडाभडा बोलत गेली. आईचं नाव निघालं तसा डेल्बर्टचा चेहरा बंद झाला. तो चाकं लावलेल्या फळीवर आडवा झाला आणि घरंगळत एका ट्रकखाली गेला. बाहेर फक्त बूट राहिले.

तिनं पर्समधून, नशा जास्त होऊन श्वास अडकला तर नाकात मारायचा, जीव वाचवणारा फवारा काढला आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला. "एकटा असताना पावडर घेऊ नकोस," ती बुटांना म्हणाली.

"ठेवा तिथं," ट्रकखालून आवाज आला.

घरी जाताना वर्लीनला सगळ्या मुलाखती आठवायला लागल्या. ज्याचं बरं चाललं होतं त्याला ती घरी न्यायला दोन करंज्या बांधून द्यायची. ज्याचं बिनसलं होतं त्याला तिथंच एक खायला द्यायची, उसासा टाकून. हे तिनं कधी ठरवून केलं नव्हतं, पण लोकांनी ते बरोबर ताडलं होतं. जी माया ती वाटत होती, तिला जागण्यासाठी पोरं खोटं बोलत होती. तिला स्वतःची लाज वाटली. गाडी कडेला घेऊन ती पोटभर रडली.

सोमवारी ती कर्टिससमोर जाऊन बसली. "मला तुझ्यासारखं तोंड करायला शिकव."

"कसलं तोंड?"

"तेच. आत्ता जे आहे ते."

कर्टिसनं व्यसनी माणसाचं सोंग घ्यायचं आणि वर्लीननं प्रश्न वाचायचे असं ठरलं. "घेतली," कर्टिस एकसुरी आवाजात म्हणाला. "रोज घेतली. बहिणीचं गवत कापायचं मशीन विकून घेतली." वर्लीननं ओठ घट्ट मिटले.

"भुवया," कर्टिस म्हणाला.

"मी काही केलं नाही."

"त्यांनी केलं. पुन्हा."

आठवडाभर हे चाललं. एकदा ती चिडली. "तुला खरंच काही वाटत नाही का रे, की तू जन्मतःच असा आहेस?"

कर्टिसनं थोडा विचार केला. "परीक्षेला पोरं रस्त्याकडं बघायची सोडून माझ्या तोंडाकडं बघायची. मी जरा हसलो की वेग वाढवायची, आठी घातली की गचकन ब्रेक. एक पोरगी माझ्याकडं बघता बघता खंदकात गेली. तेव्हापासून मी तोंड बंद केलं. गाडी त्यांना चालवायची असते." मग त्यानं तिच्यापुढं बिस्किटावरचा सार्डिन धरला. वर्लीननं तो खाल्ला, आणि तिला वाटलं होतं तितका तो वाईट नव्हता.

वसंत आला, रेडबडची झाडं गुलाबी फुलली तेव्हा पुढच्या मुलाखती सुरू झाल्या. डेल्बर्ट आला त्या दिवशी कर्टिस मुतखड्यानं आडवा झालेला. डेल्बर्टची गालफडं बसली होती, जॅकेट खांद्यावर टांगल्यासारखं दिसत होतं. तो दारातच थबकला.

"कर्टिस नाहीये," वर्लीन म्हणाली. "पुढच्या आठवड्यात आलास तरी चालेल."

त्यानं टेबलाकडं पाहिलं. परात नव्हती. तो आत येऊन बसला.

वर्लीननं रेकॉर्डर सुरू केला आणि छापलेलं वाचायला लागली. "गेल्या महिन्याभरात आपण पावडर घेतली का?"

डेल्बर्ट तिच्या भुवयांकडं बघत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"घेतली," तो म्हणाला. "जवळजवळ रोज."

तिनं लिहून घेतलं. टेबलाखाली तिचा एक पाय दुसऱ्या पायावर घट्ट दाबलेला होता. "सध्या आपले उपचार चालू आहेत का?"

"सोडले. पट्टी घेत नाही. शरमेनं गेलोच नाही परत तिकडं."

तिनं तेही लिहिलं. असे बरेच प्रश्न झाले, आणि प्रत्येक उत्तर आधीच्याहून वाईट होतं. शेवटचा प्रश्न आला. "उपचार पुन्हा सुरू करण्यासाठी आपल्याला मदत हवी आहे का?"

डेल्बर्ट बोलेना. पूर्वीची वर्लीन असती तर तिनं ही शांतता दहा वेळा भरून काढली असती, हवीच आहे म्हण रे लेकरा, असं म्हणून त्याच्या तोंडात उत्तर कोंबलं असतं. आत्ताही ते सगळं तिच्या घशाशी आलं होतं. ती कागदाकडं बघत बसली. बाहेरून कोळशाचा ट्रक गेला, खिडकीची काच थरथरली आणि थांबली.

"हो," डेल्बर्ट म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "हो, हवी आहे. आजच. उद्यावर टाकलं तर मी येणार नाही."

वर्लीननं ते लिहून घेतलं, रेकॉर्डर बंद केला आणि टोपण पेनाला लावलं. पहिल्या खेपेला ते लागलं नाही.

"मिस वर्लीन," तो म्हणाला, "तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"तिथं तसं लिहिलेलं नाही," वर्लीन म्हणाली, आणि तिच्या भुवया, इतका वेळ दावणीला बांधलेल्या, एकदम सुटून जिकडं जायचं तिकडं गेल्या. तिनं टेबलाच्या खणातून कागदात गुंडाळलेल्या दोन करंज्या काढल्या आणि गाडीची किल्ली उचलली.

"दवाखान्यात मी सोडते तुला. एक आत्ता खा, दुसरी वाटेत," ती म्हणाली. "आणि या वेळी कुत्र्याला घालायच्या नाहीत."